‘रडू नको’ असं सांगितलेला संदेष्टा : यहेज्केलाचा २४वा अध्याय मंडळीत कसा वाचावा?

जय ख्रिस्त, ताई. तुमचा प्रश्न लांब होता, म्हणून इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही दर गुरुवारी बायबल अभ्यास घेता. यहेज्केलाचा २४वा अध्याय चालू होता. देव संदेष्ट्याला सांगतो, ‘तुझ्या डोळ्यांना प्रिय असलेली मी एका फटक्यात नेणार, पण तू रडायचं नाहीस.’ संध्याकाळी त्याची बायको मरते. गटातले एक काका, ज्यांच्या पत्नीला जाऊन आठ महिने झालेत, ते वाचन चालू असतानाच उठून गेले आणि त्यानंतर आलेच नाहीत. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. हा अध्याय वाचायचाच कसा, ही एक. दुसरी, हल्ली संदेष्ट्यांचे ग्रंथ ‘आघाताच्या’ (इंग्रजीत ट्रॉमा) अंगाने वाचा असं म्हणतात, म्हणजे देवाच्या वचनाला मनोविकार ठरवायचं आहे की काय?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं बोलतो, कारण ती शंका मलाही बरीच वर्षं होती.

यहेज्केलाला रोगी ठरवण्याची हौस जुनी आहे. हा माणूस तीनशे नव्वद दिवस डाव्या कुशीवर पडून राहतो, मग चाळीस दिवस उजव्या. तलवारीने केस-दाढी कापून तराजूत तोलतो. घराच्या भिंतीला भोक पाडून बोचकं खांद्यावर टाकून अंधारात बाहेर पडतो. त्याची जीभ टाळूला चिकटते. १९४६ साली एका अमेरिकन अभ्यासकाने हे सगळं एकत्र करून सरळ स्किझोफ्रेनियाचं निदान लिहून टाकलं. इतरांनी फेफरं म्हटलं. हा सगळा उद्योग मला फुकटचा वाटतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची केस-फाइल आपल्याकडे नाही. त्याचं पुस्तक आहे, तेही त्याच्या शिष्यांच्या हातून गेलेलं.

आघाताच्या अंगाने वाचणं याच्या नेमकं उलट आहे. तिथे ‘या माणसाला काय झालंय’ हे विचारत नाहीत, ‘या लोकांवर काय गुदरलं होतं’ हे विचारतात. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांमुळे १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आघातोत्तर त्रासाला पहिल्यांदा नाव मिळालं. पुढे निर्वासितांवर, युद्धात सापडलेल्या बायकांवर, छावण्यांतल्या मुलांवर अभ्यास झाले. ते वाचून जुन्या कराराचे काही अभ्यासक चमकले. सांगताना तुकडे पडणं, तारखांना घट्ट धरून बसणं, भावना गोठणं, अंगाने बोलणं, सगळा दोष स्वतःकडे ओढून घेणं, हे सारं त्यांनी यिर्मया-यहेज्केलात वर्षानुवर्षं वाचलं होतं. फक्त त्याला ते आजवर ‘शैली’ म्हणत आले होते.

आपल्याकडे आणखी एक अडचण शब्दाची आहे. ‘भविष्यवाणी’ म्हटलं की पंचांग आठवतं : पुढे काय होणार ते आधी सांगणारा माणूस. म्हणून मला ‘संदेष्टा’ हा शब्द बरा वाटतो. यिर्मया आणि यहेज्केल यांनी संकट येणार हे सांगितलं, हे खरं आहे. पण त्यांची पुस्तकं ज्यांनी जपली, पुन्हा पुन्हा लिहून काढली, त्या लोकांवर ते संकट येऊन गेलं होतं. आपण हे ग्रंथ वादळाआधीचा इशारा म्हणून वाचतो. ते हातात धरून बसलेले लोक मात्र वादळानंतरचे होते.

काय झालं होतं ते एकदा नीट बघू. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर याने यरुशलेम घेतलं. बाबेलच्या राजवृत्ताची जी मातीची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तिच्यावर दिवससुद्धा आहे : अदार महिन्याची दुसरी तारीख, आपल्या हिशेबाने १६ मार्च. तरुण राजा यहोयाखीन, त्याची आई, दरबारी, कारागीर, लोहार यांना पाडाव करून नेलं. त्यांच्यात बूजीचा मुलगा यहेज्केल हा याजक होता. शहर मात्र अजून उभं होतं. सिद्कीयाला गादीवर बसवलं, त्याने बंड केलं, आणि पुन्हा वेढा पडला. दीडएक वर्षाचा वेढा, उपासमार, तटबंदी फुटली, मंदिर जळलं. साल ५८७ की ५८६ यावर पंडित अजून भांडतात. सिद्कीयाच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले. शेवटचं जे त्याने पाहिलं ते ते होतं.

किती लोक नेले? राजांच्या दुसऱ्या पुस्तकात दहा हजार हा आकडा येतो. यिर्मयाच्या शेवटच्या अध्यायात मात्र तीन खेपांचा हिशेब आहे : ३,०२३, मग ८३२, मग ७४५. एकूण ४,६००. मला हा दुसरा हिशेब नेहमी जास्त अस्वस्थ करतो. कोणीतरी माणसं मोजली आहेत.

लाखीश हे यहूदाचं दुसरं मोठं तटबंदीचं गाव. १९३५ मध्ये तिथे खापरांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडली. एका पत्रात चौकीवरचा माणूस वरिष्ठाला कळवतो की आम्ही लाखीशच्या खुणेच्या जाळाकडे लक्ष ठेवून आहोत, कारण अजेका दिसत नाही. यिर्मया ३४:७ मध्ये हीच दोन नावं आहेत : तटबंदीच्या गावांपैकी लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती. खापरावर हे लिहिताना अजेकाचा जाळ विझला होता की नुसता नजरेआड होता, यावर वाद आहे. मी शिकवताना ते खापर आणि ती ओवी शेजारी शेजारी ठेवतो आणि थोडा वेळ काही बोलत नाही.

आता ‘बंदिवास’ या आपल्या शब्दाने एक घोटाळा होतो. लोकांना वाटतं, बाबेलात सगळे कोठडीत होते. राजा नजरकैदेत होता. बाबेलात सापडलेल्या शिध्याच्या पाट्यांवर यहोयाखीन आणि त्याच्या पाच मुलांना किती तेल दिलं याची नोंद आहे, तीही इ.स.पू. ५९२ च्या सुमाराची. बाकीच्यांना जमिनीवर वसवलं. कालवे खणायचे, जव आणि खजूर पिकवायचे, सरकारला वाटा द्यायचा. ‘यहूदाचं गाव’ अशा नावाच्या वस्तीतले मातीचे कागद २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांत जुना इ.स.पू. ५७२ चा आहे. कर्ज, खंड, करार, साक्षीदार. आपल्या बायबलात ज्याला खबार नदी म्हटलंय तो खरं तर निप्पूर शहराजवळचा एक कालवा. आणि यहेज्केल ३:१५ मध्ये आलेल्या तेल-अबीब या वस्तीच्या बाबेली नावाचा अर्थ ‘पुराने पडलेलं टेकाड’. म्हणजे उजाड पडलेल्या जागा पुन्हा लागवडीखाली आणायला ही माणसं आणून टाकली होती. (आजच्या तेल-अवीव शहराचं नाव याच ओवीतून उचललंय, पण हिब्रूत ‘अवीव’ म्हणजे वसंत, म्हणून ते कानाला गोड लागतं.)

तर अशी माणसं : जिवंत, कामाला लागलेली, बाजारात कर्ज काढणारी, आणि आतून मोडलेली. अशा लोकांत यहेज्केल पहिल्यांदा जातो तेव्हा काय करतो? ३:१५ बघा. तो त्यांच्यामध्ये सात दिवस बसतो. उपदेश नाही, दर्शन नाही. तो बसून कसा होता हे सांगायला हिब्रूत जो शब्द आहे त्याचा धातू ‘शामेम’. याच धातूपासून ‘शमामा’ होतो, आणि हा शब्द यहेज्केलाच्या पुस्तकात जागोजाग आहे : देश शमामा होईल, डोंगर शमामा होतील, गावं शमामा होतील. उजाड भूमीला जो शब्द तोच बधिर झालेल्या माणसाला. इंग्रजी भाषांतरांना इथे दोन वेगळे शब्द वापरावे लागतात आणि धागा तुटतो. मराठीला तसं करायची गरजच नाही. आपण ‘सुनं घर’ म्हणतो आणि ‘सुन्न माणूस’ म्हणतो. दोन्ही शून्यातून आलेले. सुन्या देशातला माणूस सात दिवस सुन्न बसला, असं मी वर्गात सांगतो, आणि मुलांना हिब्रू व्याकरणाचं अर्धं पान वाचावं लागत नाही.

हे लक्षात आलं की त्याच्या त्या विचित्र कृती वेगळ्या दिसायला लागतात. चौथा अध्याय घ्या. गहू, जव, पावटे, मसूर, बाजरीसारखं भरड धान्य, खपल्यासारखा गहू, सगळं एका भांड्यात घालून त्याची भाकर करायची. दिवसाला वीस शेकेल वजनाची, म्हणजे साधारण सव्वादोनशे ग्रॅम. पाणी अर्धा-पाऊण लिटर. अमेरिकेत या ओवीवरून पौष्टिक पाव विकतात, हे ऐकून मला हसावं की काय ते कळेना. अहो, ही वेढ्यातली भाकर आहे! जिला रांधायचं असतं ती बाई एकेका मडक्याच्या तळाशी हात घालून जे मूठभर निघेल ते एकत्र दळते, तेव्हा असं पीठ होतं. हजार किलोमीटरहून लांब बसलेला माणूस यरुशलेमचा वेढा स्वतःच्या पोटात भोगतोय. त्याला तिथे काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून तो अंगाने ते करून बघतो.

आता २४वा अध्याय. तुमच्या काकांचा अध्याय.

सुरुवात तारखेने होते : नववं वर्ष, दहावा महिना, दहावा दिवस. ‘आजच्या दिवसाचं नाव लिहून ठेव, याच दिवसाचं.’ त्या दिवशी वेढा सुरू झाला. यहेज्केलाच्या पुस्तकात अशा तेरा-चौदा तारखा आहेत आणि एक सोडली तर सगळ्या राजाला पाडाव करून नेलं त्या वर्षापासून मोजलेल्या. पुण्यातली म्हातारी माणसं अजून ‘पानशेतच्या आधी’, ‘पानशेतनंतर’ म्हणतात, तसं. घड्याळ तिथेच अडकलंय.

मग पंधराव्या ओवीपासून बायकोची गोष्ट. तिचं नाव नाही. आजार काय ते नाही. ‘सकाळी मी लोकांशी बोललो, संध्याकाळी माझी बायको मेली, दुसऱ्या दिवशी सकाळी मला सांगितलं होतं तसं मी केलं.’ एवढंच. पंचनाम्यात असतं तसं वाक्य. ज्यांनी मयताच्या घरी बरंच बसणं-उठणं केलंय त्यांना हा सूर ओळखू येईल. माणूस वेळा सांगतो. चहा झाला, नळ आला, मग तिने हाक मारली. बाकी काही सांगत नाही, कारण सांगता येत नाही.

तिच्यासाठी हिब्रूत शब्द आहेत ‘तुझ्या डोळ्यांचा मोह’, डोळ्यांना हवीहवीशी वाटणारी. पाच ओव्या पुढे गेलं की मंदिरासाठी हेच शब्द येतात : ‘तुमच्या डोळ्यांचा मोह.’ लोक त्याला विचारतात, तू हे असं का वागतोस ते आम्हांला सांग ना. आणि तो सांगतो की तुमचं मंदिर जाईल, तिकडे मागे ठेवलेली तुमची मुलंबाळं जातील, आणि तुम्हीही असेच बसाल. डोक्याला फेटा, पायांत वहाणा, डोळे कोरडे. ‘एकमेकांकडे बघून कण्हाल.’ ही शिक्षा कमी आणि वर्णन जास्त आहे. शोक करायला जागा लागते, माणसं लागतात, चार दिवस काम थांबवावं लागतं, मयताची माती तरी जवळ असावी लागते. परमुलखात, दुसऱ्याच्या कालव्यावर, सहा महिने उशिरा बातमी मिळालेल्या माणसाकडे यांतलं काय असतं?

बातमी खरंच तेवढी उशिरा आली. ३३:२१ मध्ये यरुशलेमातून निसटलेला एक माणूस येऊन दोनच शब्द सांगतो, ‘शहर पडलं.’ तटबंदी फुटून तोवर कमीत कमी सहा महिने झाले होते. एज्राला पुढे उलट दिशेने हीच वाट चालायला चार महिने लागले, यावरून अंतर समजा.

आणि आता एक बारीक गोष्ट, जी मराठीत वाचताना निसटते. सतराव्या ओवीत ‘रडू नको’च्या जोडीला आणखी एक आज्ञा आहे : ‘आवाज न करता कण्ह.’ कण्हायला मनाई नाही. मनाई आहे ती विधीला : फेटा काढणं, अनवाणी होणं, तोंड झाकणं, आणि ‘माणसांची भाकर’ खाणं. ही माणसांची भाकर म्हणजे काय? मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारीपाजारी जेवण आणतात, ती. आपल्या गावांकडे पिठलं-भाकरी येते, कुठे त्याला कडू घास म्हणतात. यहेज्केलाच्या दारात तो घास येऊ नये असं ठरलं. काका उठून गेले, तेव्हा ते देवावर रागावून गेले असं तुम्ही धरून चाललात. मला वाटतं, त्यांनी या ओवीत स्वतःचं घर पाहिलं असेल.

‘पण देवाने तिला मारलं का?’ हा तुमचा प्रश्न मी टाळत नाही. ओवी म्हणते ‘मी नेतो’, आणि ती ओवी मऊ करून वाचायला मी तयार नाही. पण कोण बोलतंय तेही बघायला हवं. यहेज्केलाच्या जगात देवाच्या हाताबाहेर काहीच घडत नाही, ऊनही नाही, मरणही नाही. वेढ्याच्या बातमीच्या दिवसांत त्याची बायको गेली आणि त्याला रडता आलं नाही. ते न रडणंही त्याने देवाकडून घेतलं, त्याला अर्थ दिला, आणि तो अर्थ शेकडो गोठलेल्या लोकांच्या उपयोगी पडला. आज्ञा आधी की सुन्नपण आधी, हे आपण बाहेरून सांगू शकत नाही. त्यालाही सांगता आलं असतं असं मला वाटत नाही. ही त्याची साक्ष आहे, त्याच्या बायकोबद्दल त्याने दिलेली. तुमच्या गटातल्या कुणाच्या बायकोबद्दल ती काहीही सांगत नाही.

ही शेवटची गोष्ट मी जरा चढ्या आवाजात सांगतो, कारण माझी चूक त्यात आहे. पाळक म्हणून माझी दुसरी-तिसरी वर्षं. मंडळीतल्या एका घरात वीस वर्षांचा मुलगा अपघातात गेला. मी प्रेतक्रियेच्या वेळी यिर्मया २९:११ वाचलं, ‘तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत.’ मुलाच्या आईने नंतर फक्त एवढं विचारलं, ‘पाळकसाहेब, याच्या आधीची ओवी काय आहे हो?’ आधीची ओवी अशी आहे की बाबेलात सत्तर वर्षं पुरी झाल्यावर मी तुमची खबर घेईन. सत्तर वर्षं. हे पत्र ऐकणारे जवळजवळ सगळे तिथेच मरणार होते. म्हणून तर पत्रात आधी घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा असं आहे. आपल्या घरोघरच्या कॅलेंडरवर अकरावी ओवी असते. दहावी मी अजून कुठल्या कॅलेंडरवर पाहिली नाही.

आता दोषाबद्दल, कारण संदेष्ट्यांत सर्वांत जड हेच आहे. ‘तुम्ही पाप केलंत म्हणून हे झालं’, पानोपानी. आघाताच्या अंगाने वाचलं की हे पुसलं जात नाही, पण त्याचं काम काय होतं ते दिसतं. पराभूत लोकांपुढे तेव्हा दोन अर्थ होते. एक, बाबेलचा देव मर्दुक आपल्या देवापेक्षा बलवान निघाला. दुसरा, कशालाच काही अर्थ नाही. यांत तिसरा अर्थ त्यांनी शोधला : आपलंच चुकलं. हा अर्थ कडू आहे, पण त्याच्यासोबत देव शाबूत राहतो आणि उद्या वेगळं वागण्याची सोयही राहते. मूल गेलेली प्रत्येक आई म्हणते ना, ‘मीच त्याला त्या दिवशी जाऊ द्यायला नको होतं’? ते खरं असतं म्हणून ती म्हणत नाही. नुसत्या योगायोगापेक्षा ते सोसवतं, म्हणून म्हणते.

आणि पुस्तकालाही हा अर्थ पुरा पटलेला नाही. लोकांत म्हण चालली होती, ‘बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले.’ यहेज्केलाचा सोळावा आणि विसावा अध्याय पूर्वजांच्या पापांचा पाढा वाचतो, आणि मधला अठरावा म्हणतो की ही म्हण पुन्हा काढू नका, ज्याचं त्याने भोगावं. हे तिन्ही अध्याय एकाच पुस्तकात आहेत. कुणीही एक काढून टाकला नाही.

सोळावा आणि तेविसावा अध्याय मात्र मी बायबल अभ्यासात मोठ्याने वाचत नाही, आणि तुम्हीही वाचू नका असं सांगेन. यरुशलेम ही एक बाई, तिचा व्यभिचार, तिला भर चौकात नागवं करणं. विलापगीत ५:११ सरळ सांगतं की सीयोनेत बायकांवर बलात्कार झाले. जे डोळ्यांसमोर घडलं तेच या अध्यायांत उपमा होऊन आलं, आणि दोष बाईवर गेला. जखम बोलते तेव्हा नेहमी शहाणं बोलते असं नाही. ती दुसऱ्यालाही ओरबाडते. तुमच्या गटात अशी एखादी बाई बसलेली असू शकते जिला घरात रोज हेच ऐकावं लागतं. हे अध्याय वर्गात, तयारी करून, नावानिशी चूक दाखवत शिकवायचे आहेत.

दुसऱ्या टोकाचा एक इशाराही देतो, कारण हल्लीचे माझे विद्यार्थी जे दिसेल त्याला ‘ट्रॉमा’ म्हणतात. यिर्मयाचे अध्याय काळाच्या क्रमात नाहीत : २१व्यात सिद्कीया, २५व्यात त्याच्या आधीचा यहोयाकीम, ३२व्यात पुन्हा सिद्कीया. हे मोडलेल्या स्मृतीचं चित्र आहे असं म्हणणं आकर्षक आहे. पण यिर्मयाची जुनी ग्रीक प्रत बरीच लहान आहे, तिच्यात अध्यायांचा क्रम निराळा आहे, आणि मृत समुद्राजवळच्या गुहांत त्या लहान प्रतीशी जुळणारे हिब्रू तुकडे सापडले आहेत. म्हणजे हा गोंधळ काही अंशी लेखनिकांचा आणि प्रतींचा आहे. राजाने गुंडाळी जाळली आणि यिर्मयाचा लेखनिक बारूख याला ती पुन्हा लिहावी लागली, हे तर पुस्तकातच आहे. प्रत्येक विस्कटलेल्या पानामागे रडणारा माणूस शोधू नये. कधीकधी नुसता लेखनिक असतो.

ही आठवण आपल्या कोकणात किती खोल उतरली होती तेही सांगायला हवं. यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा उपास बेने इस्राएली लोक, म्हणजे कोकणातले ज्यू, त्यांच्या पंचांगातल्या अव महिन्याच्या नवव्या दिवशी धरत, आणि त्याला मराठीत नाव होतं ‘बिरड्याचा रोजा’. वालाच्या बिरड्यावरून. हिब्रू ग्रंथ हातात नसतानाही नबुखद्रेस्सराने जाळलेल्या मंदिराचा शोक रायगडाकडच्या गावांत भिजवलेल्या वालांच्या रूपाने टिकला. आणि मराठी बायबल? पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केलेलं पूर्ण भाषांतर १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, केडगावच्या मुक्ती मिशनमधून आलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंनी आई, वडील आणि बहीण गमावली होती. पुढच्या दुष्काळांतून आणलेल्या मुलींना त्यांनी छपाईचं काम शिकवलं. विलापगीत ४:९ म्हणतं की भुकेने मेलेल्यांपेक्षा तलवारीने मेलेले बरे. ती ओवी मराठीत आणताना रमाबाईंना शब्दकोश उघडावा लागला नसेल.

आता गुरुवारचं.

काकांकडे जा, पण अध्याय समजावायला जाऊ नका. संध्याकाळी जा, डबा घेऊन जा, साधाच, आणि जेवायला त्यांच्यासोबत बसा. यहेज्केलाला मनाई होती ती भाकर काकांना कुणी मना केलेली नाही. आठ महिन्यांनंतर तो डबा कुणीच आणत नाही, म्हणून सांगतो. ते काही बोलले तर ऐका, नाही बोलले तर जेवण झाल्यावर घरी या.

गटात परत जाल तेव्हा २४वा पुन्हा काढू नका. लगेच ३७व्यात उडी मारून कोरडी हाडं उभीही करू नका. तिथेही देव यहेज्केलाला भविष्य सांगायला लावण्याआधी हाडांच्या सभोवार चालायला लावतो, ती दुसरी ओवी लोक वाचतच नाहीत. आधी विलापगीत काढा. पहिले चार अध्याय वर्णमालेच्या क्रमाने बांधलेले आहेत, आलेफपासून तावपर्यंत, बावीस अक्षरं. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन ओव्या. दुःखाला निदान अक्षरांचं तरी कुंपण. पाचव्यात ओव्या बावीसच आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटला आहे. या पूर्ण पुस्तकात देव स्वतः उत्तर देत नाही. पहिल्या अध्यायात पाच वेळा येतं की तिचं सांत्वन करणारा कोणी नाही, आणि त्याचं उत्तर यशयाच्या ४०व्या अध्यायात मिळतं, ‘सांत्वन करा, माझ्या लोकांचं सांत्वन करा.’ ज्यू लोक अवच्या नवमीनंतरच्या शब्बाथाला तेच वाचतात. पण मधले दिवस ते गाळत नाहीत. तुम्हीही यशया पुढच्या आठवड्यावर ठेवा.

पाचवा अध्याय वाचायला पाच मिनिटं पुरतात. एकेकाने एकेक ओवी वाचावी. एकविसावी आहे, ‘आम्हांला तुझ्याकडे परत वळव.’ बाविसावी आहे, ‘की तू आम्हांला पुरतंच टाकलंस?’ पुस्तक तिथेच संपतं. सभास्थानात बाविसावी झाली की एकविसावी पुन्हा म्हणतात, म्हणजे शेवट तसा राहू नये. काही वेळा मी ती पुन्हा म्हणायला लावतो, काही वेळा नाही. तुम्ही त्या दिवशी समोर कोण बसलंय ते बघून ठरवा. काका आले असतील तर बाविसावी त्यांच्या वाट्याला येणार नाही अशी बसायची व्यवस्था मात्र आधीच करून ठेवा.